टिचकीची नोंद

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, लागून चार दिवस झाले होते. त्या दिवसांत आदिलाबादेतला शहाणा माणूस सकाळी आठच्या आत कामं उरकतो आणि दिवेलागणीपर्यंत दाराबाहेर डोकं काढत नाही. चिंतामणी सर शहाणे होते, त्याबद्दल गावात दुमत नव्हतं. पण मे महिन्यातला शेवटचा रविवार आला की ते आपलं शहाणपण खुंटीला टांगून ठेवत. त्या दिवशी कुंभारतळ्यावर पाखरांची मोजणी असे, आणि बावीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. सख्ख्या मेहुणीच्या लग्नातसुद्धा ते अक्षता पडता पडता, चिखलाचे बूट घालूनच मांडवात शिरले होते. चारुशीलाबाईंनी नवऱ्याला ते अजून माफ केलेलं नाही.

कुंभारतळं मावला गावाच्या पुढे, हमरस्ता सोडून कापसाच्या शेतांतून दोन किलोमीटर आत आहे. उन्हाळा संपत आला की त्याचं पाणी आटत आटत मधोमध एका वाफ्याएवढं उरतं. सगळी पाखरं मग त्या पाण्याभोवती दाटीवाटीने उभी राहतात, रेशनच्या दुकानापुढे माणसं राहतात तशी. मोजायला हीच वेळ बरी, असं सरांचं म्हणणं. कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. नोकरीत असतानाच त्यांनी विद्यार्थ्यांना धरून पाखरू मंडळ काढलं होतं, आणि एकेकाळी या मोजणीला वीस-वीस माणसं येत.

यंदा एकटी पूनम आली होती. बाकीच्यांनी मोबाईलवर हात जोडल्याची चित्रं पाठवली होती. कोणाच्या घरी लग्न, कोणाला ऊन बाधलेलं. पूनम सरांची विद्यार्थिनी, आता स्वतः उटनूरला सरकारी शाळेत विज्ञान शिकवणारी, चौतीस वर्षांची बाई. पण सरांसमोर आली की ती पुन्हा पहिल्या बाकावरची मुलगी होऊन बसे. ती शनिवारीच आदिलाबादला माहेरी येऊन राहिली आणि पहाटे साडेपाचला तिने स्कूटी सरांच्या दारात आणून उभी केली.

"चालायचं ना सर?"

"चल. आज काही खरं नाई पूनम," मागे बसत सर म्हणाले. "आज सुतकाला जाऊन राह्यलो असं समज."

सर उगाच रडगाणं गाणाऱ्यांतले नव्हते. तळ्याचं सुशोभीकरण निघालं होतं. चौफेर फरसबंदी, सिमेंटची बाकडी, रंगीत दिवे, आणि हे सगळं मावावं म्हणून पश्चिमेकडचं पाणकणसाचं, त्या उंच पाणगवताचं, बेट मुळासकट साफ. तळ्यात पाखराला घर बांधायला तेवढी एकच जागा होती. काम पाहणारा इंजिनिअर आलोक भला मुलगा होता. आठवड्यापूर्वी तो सरांच्या घरी येऊन चहा पिऊन गेला.

"सर, सोमवारी सकाळी मशीन लागते," तो म्हणाला होता. "पण रविवारी तुमची मोजणी हाये ना? तुमची ती टिचकी दिसली तं मले एक फोन करा. पश्चिमेचा तुकडा मी नकाशातून काढून टाकतो. पाखराच्या बाबतीत तुमच्या शब्दाले वर कोणी नाई म्हणत नाई."

टिचकी हे गावातलं नाव. वटवट्याच्या जातीतलं अंगठ्याएवढं पाखरू, रंग वाळल्या गवताचा, त्यामुळे बसलं की दिसायचं नाही. ओळखायचं ते आवाजावरून. वर उडत उडत ते घड्याळाच्या काट्यासारखं बारीक टिक-टिक करतं, आणि कोळ्याच्या जाळ्याने पाती शिवून बटव्यासारखं घरटं करतं. जिल्ह्यात दुसरीकडे कुठे ते सरांना आढळलं नव्हतं. मोजणीच्या वहीत पहिल्या वर्षी टिचक्या चौदा होत्या. पुढे तेरा, बारा, मधे एकदा पुन्हा तेरा, मग नऊ, सात, चार, एक. आणि गेली तीन वर्षं शून्य.

त्या शून्यांनी सर खचले होते. तळ्यातले किडेसुद्धा गप्प झालेत, कापसावरच्या फवारण्यांनी सगळं मारून टाकलं, असा त्यांचा ठाम निष्कर्ष होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्यावर वर्तमानपत्रात लेख लिहिला, 'मुकं झालेलं तळं'. लेख इतका हृदयाला भिडणारा उतरला की बँकेतल्या कॅशियरनेही काउंटरवरून हात बाहेर काढून सरांशी हस्तांदोलन केलं. चारुशीलाबाईंनी कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून दिवाणखान्यात लावलं. पुढे सुशोभीकरणाची फाईल तयार झाली तेव्हा तोच लेख तिच्यात लागला: तळ्यात जपण्यासारखं पाखरू उरलेलं नाही, खुद्द चिंतामणी सरांचा दाखला सोबत जोडला आहे. रडायला म्हणून लिहिलेलं वाक्य असं परवानगीच्या कामी आलं. सरांनी कपाळाला हात लावला, पण जे लिहिलं ते खरंच होतं ना? खरं ते खरं, मग ते कोणाच्याही कामी येवो.

सहा वाजता ते तळ्यावर पोचले तेव्हाच हवा गरम झाली होती. चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या कडांनी मेलेले शिंपले पांढरे झाले होते. पाण्यात शेकाटे लाल काडीसारख्या पायांवर उभे होते. टिबुकल्या बुड्या मारत होत्या, पण पाणी इतकं उथळ की बुडी मारली तरी पाठ वरच. बगळ्यांनी मासे टिपायचंही सोडून दिलं होतं. चोची उघड्या टाकून ते नुसते धापत होते. एका बाजूला हळदी-कुंकू बदकांची जोडी बसली होती, मागे पिल्लं तीन. मागच्या वर्षी आठ होती.

सर दुर्बीण लावून आकडे सांगत आणि पूनम लिहीत जाई. शेकाटे एकेचाळीस. टिटव्या सहा. कमळपक्षी दोन. चतुर आणि टाचण्या या पंखवाल्या पाणकिड्यांसाठी काठावर दहा पावलं आखून घ्यायची आणि तेवढ्यात उडतील तेवढे मोजायचे, ही सरांची पद्धत. लाल चतुर नऊ निघाले, निळी टाचणी एक, तीही पंख फाटलेली. सर वाकून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"डोळे अजून बरे हायेत तुमचे," पूनम म्हणाली.

"डोळ्याले काय झालं? मोतीबिंदू काढून आत्ता तं दोन वर्ष झाले."

मंडळाचा एक नियम होता आणि तो कोणी मोडत नसे. पाखरू दिसो की ऐकू येवो, सरांनी मान डोलावल्याशिवाय वहीत चढायचं नाही. नवशिके लोक उत्साहाच्या भरात कावळ्याला कोकीळ म्हणतात, म्हणून सरांनी तो घातला होता. बावीस वर्षांत तो इतका अंगवळणी पडला की सरांनी मान आडवी हलवली की सांगणारा स्वतःच म्हणे, हो सर, माझंच चुकलं असेल.

सातच्या सुमाराला दोघं पश्चिमेकडे, पाणकणसाच्या बेटाशी आले. इथे दहा मिनिटं डोळे मिटून, अगदी गप्प उभं राहून ऐकायचं. सर दरवर्षी या दहा मिनिटांची वाट पाहत आणि अलीकडे त्यांना तितकीच भीती वाटे. त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले. टिटवी ओरडली. कुठेतरी जांभळ्या पाणकोंबडीने घसा खरवडला. हमरस्त्यावरून ट्रक गेला. बेटाच्या आत बयनाबाईचा विळा खसाखस चालला होता. शेजारच्या वाडीतली ही बाई चटयांसाठी कणसाची पाती कापायला येई, सर तिला पहिल्या वर्षापासून ओळखत. बाकी काही नाही. किडासुद्धा नाही.

दहा मिनिटं झाली. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. असेल, या वर्षी असेल, असं आठवडाभर मनाला समजावलं होतं, ते सगळं फुकट गेलं. त्यांनी मान आडवी हलवली.

"लिही. टिचकी शून्य."

पूनमने पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"सर..."

"लिही म्हटलं ना. हात काऊन थांबला?"

तिने लिहिलं नाही. ती खाली वहीकडे पाहत राहिली. तेवढ्यात पात्यांचा भारा डोक्यावर घेऊन बयनाबाई बेटातून बाहेर आली आणि भारा टाकून पदराने तोंड पुसू लागली.

"काय शून्य निघालं म्हणता सर?"

"टिचकी, बयनाबाई. तुमच्या तळ्यात नाई राह्यली आता. संपली."

"संपली?" बयनाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं जसं ऊन लागलेल्या माणसाकडे पाहतात. "अवो सर, सकाळपासून डोकं उठवलं तिनं माह्यं. हे काय, वरतेच तं टिक-टिक लावून राह्यली. दोन-तीन हायेत इथं." आणि तिने विळा आभाळाकडे केला.

सर हसले. खेड्यातल्या माणसाला सगळे बारके पक्षी सारखेच, हे त्यांना ठाऊक होतं. तिचं मन राखायला म्हणून त्यांनी दुर्बीण वर केली. विळ्याच्या टोकाच्या रेषेत, आभाळात, एक ठिपका वरखाली उड्या घेत होता. उडी तीच. ते पाखरू खाली आलं, आणि पंधरा पावलांवर एका कणसाच्या शेंड्याला येऊन बसलं. अंगठ्याएवढं, वाळल्या गवताच्या रंगाचं, शेपटीला पांढरी कड. टिचकी.

तिने चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली. गळ्यावरची बारीक पिसं थरथरत होती. दुर्बिणीतून तिची जीभसुद्धा दिसत होती, आणि आवाज नव्हता. टीव्हीचा आवाज कोणी बंद करावा तसं ते पाखरू सरांसमोर जीव तोडून गात होतं आणि सरांपर्यंत काही पोचत नव्हतं.

सरांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांना पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर थर्मामीटर. मागच्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा काखेतलं थर्मामीटर वाजेना म्हणून त्यांनी ते फेकून नवं आणवलं होतं. नवंही वाजेना. तेही फेकलं. चारुशीलाबाई म्हणाल्या होत्या, अहो वाजलं की आत्ता, आणि सर म्हणाले होते, तुला काहीही ऐकू येतं.

"पूनम," ते म्हणाले, "किडे वरडून राह्यले काय?"

तिने पेनाचं टोपण लावलं.

"विचारलं मी तुले."

"हो सर."

"किती?"

"लय," पूनम म्हणाली. "कान किटतील इतके."

सर चिखलातच एका दगडावर बसले. प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस. वय झालं की कानातून आधी बारीक आवाज जातात, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. माणसांचं बोलणं ऐकू येतं, ट्रक ऐकू येतो, म्हणून माणसाला वाटतं कान शाबूत आहेत. परीक्षेत हा प्रश्न पाच मार्कांना येई.

"तुले कधीपासून ऐकू येते ती?"

"पहिल्यापासून." पूनम म्हणाली. "कधी गेलीच नाई ती सर. तीन वर्षं मी ऐकून राह्यली. पहिल्या वर्षी बोललीही होती मी, तुमी मान हलवली. मले वाटलं माझीच चूक, दुसरं पाखरू असन. घरी जाऊन रेकॉर्डिंग लावून पाह्यलं. तेच होतं."

"मग बोलली काऊन नाई?"

"तुमी नाई म्हटलं होतं ना सर."

नियम त्यांचाच.

पूनम बेटात शिरली. पाती न हलवता, एकेक पाऊल टाकत गेली, जसं सरांनी शिकवलं होतं तसं. पाच मिनिटांत बाहेर आली ती मोबाईलवर फोटो घेऊनच. गुडघ्याएवढ्या उंचीवर, पात्यांना जाळ्याने शिवलेला बटवा, आणि त्याच्या तोंडाशी तीन उघड्या चोची, आतून पिवळ्या.

सरांना आनंद झाला. खोटं कशाला सांगा, सगळ्यात आधी आनंदच झाला. पोटातून, लहान मुलासारखा. त्यांनी पूनमचा हात धरून हलवला. बयनाबाई म्हणाली, "मंग आता नाई काढत ना कणीस? माह्या चटया राह्यल्या म्हणा," आणि सर म्हणाले, "नाई काढत बाई. लाव गं फोन, आलोकले लाव."

पण पूनम नंबर शोधेपर्यंत जे अर्धं मिनिट गेलं, त्यात तो आनंद आंबला. वहीत बावीस वर्षांचे आकडे होते. चौदा, बारा, नऊ, सात, चार, एक. ती उतरंड टिचक्यांची होती की कोणाची? बावीस वर्षं दर मे महिन्यात, या काठावर उभं राहून, विद्यार्थ्यांच्या देखत, ते स्वतःच्या कानांची नोंद करत आले होते. आणि तो लेख. दिवाणखान्यातलं ते कात्रण. तळं मुकं झालं नव्हतं. सरांना लाज वाटली, आणि लाज वाटणं त्यांना अजिबात सवयीचं नव्हतं.

फोन लागला. पूनमने स्पीकर चालू करून मोबाईल सरांपुढे धरला.

"बोला सर! दिसली काय?"

"दिसली," सर म्हणाले. "घरटं हाये. तीन पिल्लं. फोटो पाठवते पूनम."

"वा! मंग हे तं बेस्ट झालं. म्हणजे परत आली म्हणा तुमची टिचकी!"

परत आली. किती सोयीचा शब्द. सरांनी तो मागितला नव्हता. आलोकनेच तो तयार करून हातात ठेवला. परत आली म्हटलं की सगळं जागच्या जागी राहतं. तीन शून्यं खरी, लेख खरा, वही खरी, कान खरे.

"हो," सर म्हणाले. "आली परत."

पूनमने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"एक विचारू काय सर?" आलोक म्हणाला. त्याच्या मागे घरात भांडी वाजत होती, कोणीतरी नाश्त्याला हाक मारत होतं. "कालच कळलं, उद्या मशीन लागायच्या आधी साहेबांचा मुआयना हाये, पाहणी कराले येतात. ते पहिलं हेच विचारतील. तीन वर्ष नव्हती आणि आता आली, तं पाहुणी हाये, पुढच्या वर्षी जाईन, म्हणतील. एका वर्षाच्या पाहुणीसाठी नकाशा कोणी बदलत नाई. पण ती पहिल्यापासून इथंच असन, मधे आपल्या पाहण्यातून सुटली असन, तं गोष्ट अलग हाये. मंग मी आजच लिहून देतो, काम थांबते. तसं काही झालं असन काय सर? सुटली असन काय?"

तो पोरगा प्रामाणिकपणे विचारत होता. त्याला तुकडा वाचवायचाच होता, त्याने दार सताड उघडून धरलं होतं. सरांनी फक्त हो म्हणायचं होतं. हो, सुटली. माझ्या कानांतून सुटली. पूनमने मोबाईल त्यांच्या आणखी जवळ धरला. बयनाबाई भाऱ्यावर बसून एकदा मोबाईलकडे, एकदा सरांकडे पाहत होती.

पण 'सुटली असन काय' हे शब्द सरांना नको तिथे लागले. उद्या आलोकचे साहेब विचारतील, कॅशियर विचारेल, हात जोडल्याची चित्रं पाठवणारे वीसच्या वीस जण एकमेकांना फोन करून विचारतील, सरांकडून काय काय सुटलं असेल? बदकं सुटली असतील? टिटव्या? आणि त्यांचा जो जुना ताठा होता, वर्गात कोणी चूक दाखवली की उसळणारा, तो त्यांच्या आधी बोलला.

"सुटेल कशी? बावीस वर्ष झाले मले इथं उभं राहून. माझ्याकडून सुटत नसते."

"नाई नाई, तसं नाई म्हटलं सर," आलोक घाईने म्हणाला. "माफ करा. मी आपलं विचारलं. म्हणजे नव्हतीच ना मधे?"

"नव्हती."

"ठीक हाये सर. मंग पाहुणीच म्हणा लागन. मी सांगून पाहतो साहेबाले, पण कठीण हाये. पिल्लं उडाले असते तं बरं झालं असतं." आणि तो नाश्त्याला गेला.

पूनमने मोबाईल खाली केला. टिचकी अजून कणसावर बसून चोच उघडत-मिटत होती. सरांनी तिच्याकडे पाठ केली, टोपी घातली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उगाच घट्ट लावलं. तोंडून शब्द गेला होता, पण फोन होता, नंबर होता, आलोक घरीच होता. पुन्हा लावायला दहा सेकंद लागली असती. त्यांना ते कळत होतं. असं कळत असून माणूस जागचा हलत नाही, तेव्हा त्याला स्वतःचा जेवढा राग येतो तेवढा जगात दुसऱ्या कोणाचा येत नाही.

"सर," मागून पूनम म्हणाली. तिचा आवाज खर्जातला. सरांना तो नेहमीच नीट ऐकू येई, आत्ताही आला. "सर, परत लावू काय फोन? मी सांगते. माझ्याकडून सुटली म्हणून सांगते. तुमचं नाव नाई घेत."

सर दोन पावलं पुढे गेले.

"सर?"

त्यांनी वळून पाहिलं. भुवया उंचावल्या, आणि हात कानामागे नेला. "काय म्हणाली? ऐकू नाई आलं."

पूनम त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काई नाई."

तिने वही उघडून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते सरांनी विचारलं नाही. दर वर्षी मोजणी संपली की खाली सरांची सही होई. तिने वही पुढे केली नाही, बॅगेत टाकली. बयनाबाई भारा उचलून डोक्यावर घेता घेता म्हणाली, "मंग काय ठरलं सर? काढतात का ठेवतात?" सरांना तेही ऐकू आलं. तिला तरी उत्तर द्यायला हवं होतं. ते स्कूटीकडे चालू लागले.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं होतं. शेतं नांगरून तयार होती, ढेकळं तापून पांढरी पडली होती, बांधावर एका बाभळीखाली चार बकऱ्या दाटल्या होत्या. मावल्याच्या वळणावर पिवळं मशीन लांब गाडीवर चढवलेलं उभं होतं आणि त्याच्या सावलीत ड्रायव्हर झोपला होता. सर पूनमच्या पाठीआडून त्याच्याकडे पाहत गेले. त्यांना वाटलं, ती गाडी थांबवेल, काही बोलेल, रागावेल तरी. रागावली असती तर त्यांनी कदाचित ऐकलंही असतं. पूनमने वेग कमी केला नाही.

सरांची गल्ली जागी झाली होती. समोरचे रविकांतराव ओट्यावर पेपर वाचत बसले होते. पूनमने सरांच्या फाटकाशी गाडी थांबवली. कॉलेजपासून आजवर ती सरांशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. आज ती मागे वळली, तोंड सरांच्या कानाजवळ नेलं आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्याने ओरडली.

"सर! घर आलं! सांभाळून उतरा!"

रविकांतरावांचा पेपर खाली आला. शेजारच्या खिडकीत कोणीतरी डोकावलं. सर उतरले, फाटकाला धरून उभे राहिले. आतून चारुशीलाबाई लगबगीने दारात आल्या.

"काय झालं गं? एवढी ओरडून काऊन राह्यली?"

"सरांना ऐकू येत नाई, काकू," पूनम म्हणाली. हे मात्र तिने हळू, अगदी तिच्या रोजच्या आवाजात सांगितलं, आणि सरांना त्यातलं अक्षर न् अक्षर ऐकू आलं.